दीर्घ दुखणे आणि घरातले पक्षभेद

राजकारणावरून घरात वाद होणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. जहाल आणि मवाळ हे भेद जितके सभामंडपात रंगले तितकेच वाड्यांच्या ओट्यांवरही रंगले, आणि बाप एका पक्षाचा व मुलगा दुसऱ्या पक्षाचा अशी घरे तेव्हाही होती. परंतु त्या वादांत आणि हल्ली शहरांतील घरांतून ऐकू येणाऱ्या एका वादात महत्त्वाचा फरक आहे. परराष्ट्रधोरणावर दोघे भांडतात तेव्हा ज्याच्याविषयी भांडण चालू आहे तो मनुष्य पंगतीला बसलेला नसतो. औषधपाण्याचा खर्च सरकारने सोसावा की ज्याचा त्याने, या प्रश्नावर भांडण जुंपते तेव्हा तो बहुधा तेथेच बसलेला असतो आणि मुकाट्याने जेवत असतो.

हा प्रश्न आता थोड्याथोडक्या घरांचा राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांप्रमाणे देशात मधुमेहाचे रोगी १० कोटींहून अधिक आहेत, आणि खेड्यांपेक्षा शहरांत त्यांचे प्रमाण पुष्कळच जास्त आहे. रक्तदाब, दमा, संधिवात, मूत्रपिंडाचे विकार ही याच कुळातील दुखणी. ती विषमज्वराप्रमाणे तीन आठवड्यांत माणसाला सोडत नाहीत, की न्यूही पाहत नाहीत. ती सांभाळावी लागतात. आणि सांभाळणे म्हणजे दररोजची गोळी, महिन्याचे बिल व दर तीन महिन्यांची रक्ततपासणी, असे जन्मभर.

नमुन्यादाखल पुण्यातील एक मध्यमवर्गीय घर डोळ्यांपुढे आणावे. घरातील कर्ते गृहस्थ अडुसष्ट वर्षांचे, केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांचे चिरंजीव संगणकाच्या धंद्यातील एका मोठ्या कंपनीत अधिकारी. सूनबाई महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतात. आणि चौथे, गृहस्थांचे धाकटे बंधू, वय एकसष्ट, विधुर, पेठेत लहानसा छापखाना चालवणारे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, व्यापाऱ्यांची बिलबुके, हा त्यांचा व्यवसाय. मधुमेह यांना आहे. आणि गेल्या काही वर्षांत मूत्रपिंडांवरही त्याचा परिणाम दिसू लागला आहे.

या घरात तीन मते आहेत. कर्त्या गृहस्थांचे ठाम म्हणणे असे की, आरोग्य ही सरकारची जबाबदारी आहे, आणि जो पक्ष ती खाजगी धंद्याच्या स्वाधीन करतो त्याला मत देणे हे पाप होय. चिरंजिवांना हे मान्य नाही. सरकारने रस्ते नीट करावेत, रोग्याने विमा उतरवावा आणि रुग्णालयांनी एकमेकांशी स्पर्धा करावी, म्हणजे सर्व सुरळीत होईल, असा त्यांचा सिद्धांत. राहिले छापखानेवाले काका. ते सरकारच्या नावानेच चिडतात. "दादा, तुझे सरकार मला दोनदाच भेटते," असे ते म्हणतात, "एकदा कर घ्यायला आणि एकदा नोटीस लावायला. त्याने दिलेली गोळी मी कशी विश्वासाने घेऊ?" म्हणजे ज्याला मदतीची सर्वांत अधिक गरज, तोच मदतीच्या कल्पनेचा सर्वांत कडवा विरोधक. हे चमत्कारिक वाटते, पण दुर्मीळ मुळीच नाही.

या तिन्ही मतांच्या मुळाशी कोणता राजकीय विचार आहे हे शोधण्यापूर्वी, तिघांच्या औषधांचे पैसे कोण देतो हे पाहिले तर पुष्कळसा उलगडा होतो. गृहस्थांना केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे कार्ड आहे. ही योजना १९५४ मध्ये दिल्लीत सुरू झाली व पुढे पुण्यासारख्या शहरांत आली. निवृत्त मनुष्याने दहा वर्षांची वर्गणी एकदम भरली की त्याला आणि पत्नीला आजन्म औषधे मिळतात, रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्यादेखील. सरकार औषधे देऊ शकते, हा गृहस्थांचा सिद्धांत ग्रंथांतून आलेला नाही. तो त्यांच्या पिशवीतून आलेला आहे. चिरंजिवांचा विमा कंपनी भरते. त्यांना त्या विम्याचा हप्ता कधी खिशातून द्यावा लागलेला नाही, आणि जुन्या आजाराची चौकशीही कोणी केलेली नाही. अर्थात विमा ही त्यांना मोठी सुटसुटीत व्यवस्था वाटते. नोकरी सुटली की कंपनीचे ते छत्रही मिटते, ही गोष्ट वयाच्या अडतिसाव्या वर्षी कोणाच्या मनात येत नाही. काकांना यांपैकी काहीच नाही. ज्याला कोणीच काही दिले नाही त्याने स्वावलंबनाचे तत्त्वज्ञान स्वीकारावे यात नवल ते काय?

ही विभागणी देशाच्या इतिहासातच झालेली आहे. भोर समितीने १९४६ च्या आपल्या अहवालात, पैसे नाहीत एवढ्या कारणाने कोणीही उपचाराला मुकता कामा नये, हे तत्त्व स्पष्टपणे मांडले होते. परंतु पुढे जी व्यवस्था उभी राहिली ती सर्वांसाठी एक अशी नव्हती. कारखान्यांतील कामगारांसाठी १९४८ चा राज्य विमा कायदा झाला. केंद्र सरकारच्या नोकरांसाठी वर सांगितलेली योजना झाली. रेल्वे व सैन्य यांची रुग्णालये स्वतंत्रच होती. १९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणली ती ज्याला हप्ता झेपेल त्याच्यासाठी. छापखानेवाला, शिंपी, खानावळवाली, शिकवण्या घेणारा मास्तर, यांची गणना कोणत्याच रांगेत झाली नाही. अगदी गरिबांचा विचार पुढे झाला. यांचा व्हायला त्याहूनही उशीर लागला.

आता चिरंजिवांच्या विम्याच्या युक्तिवादाकडे वळावे, कारण तो वरवर पाहता बिनतोड दिसतो. विमा म्हणजे अनिश्चिततेची वाटणी. हजार घरांपैकी कोणत्या घराला आग लागेल हे ठाऊक नसते, म्हणून हजारजण वर्गणी भरतात. परंतु जे घर रोज थोडे थोडे जळतच आहे त्याचा आगीचा विमा कोण उतरवील? जुन्या मधुमेहाच्या बाबतीत अनिश्चित असे काहीच नसते. पुढील महिन्याचा खर्च आजच सांगता येतो. म्हणून विमा कंपनी अशा माणसाकडे गिऱ्हाईक म्हणून पाहत नाही. ती जास्त हप्ता मागते आणि वाट पाहायला लावते. पूर्वी ही वाट ४ वर्षांपर्यंत असू शके. २०२४ च्या नियमांनी ती फार तर ३ वर्षे केली, आणि ६५ वर्षांवरील माणसाला विमा नाकारण्याची प्रथाही मोडीत काढली. सुधारणा चांगली आहे. पण तीन वर्षे थांबूनही जे हाती येते ते मुख्यत्वे रुग्णालयात दाखल झाल्यानंतरचे. रोजची गोळी बहुधा त्यात नसतेच.

आणि येथे सरकारी योजनाही त्याच उंबरठ्यावर उभी आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये जीवनदायी योजना निघाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण सर्व कुटुंबांना खुले करण्याचा निर्णय घेतला. म्हणजे काकांनाही आता तेथे जागा आहे. परंतु ही योजना रुग्णालयाच्या दाराशी सुरू होते. डायलिसिस तिच्यात बसतो. डायलिसिसची पाळी येऊ नये म्हणून जी गोळी वर्षानुवर्षे घ्यायची ती बसत नाही. मूत्रपिंडे शाबूत आहेत तोवर खर्च रोग्याचा, ती निकामी झाली की खर्च सरकारचा, असा हा हिशेब आहे. आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास, माणूस यंत्राला जोडून ठेवायचा आणि त्याचे पैसे तिजोरीतून द्यायचे, यापेक्षा गोळी स्वस्त पडली असती हे सांगायला अर्थशास्त्राच्या प्राध्यापिकेचीही गरज नाही. सूनबाईंनी हे एकदा जेवताना सांगितले होते. पण तेव्हा बापलेकांचे इंग्लंडविषयी भांडण चालू असल्यामुळे त्यांचे बोलणे कोणी ऐकले नाही.

इंग्लंड हा गृहस्थांचा आवडता दाखला. ५ जुलै १९४८ या दिवशी तेथे राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि औषध, चष्मा, कवळी सर्व काही मोफत झाले, हे ते असे सांगतात की जणू त्या दिवशी ते स्वतः लंडनमध्ये रांगेत उभे होते. चिरंजीव उत्तर देतात ते तेथील शस्त्रक्रियेसाठी लागणाऱ्या प्रतीक्षेचे. दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि दोघेही एक मनोरंजक भाग सोडून देतात. १९५१ मध्ये मजूर पक्षाच्याच सरकारने चष्मे व कवळ्यांवर आकार बसवला, तेव्हा या सेवेचे जनक बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांच्याबरोबर राजीनामा देणाऱ्यांत हॅरॉल्ड विल्सन होते. पुढच्या वर्षी हुजूर पक्षाने औषधाच्या चिठ्ठीमागे १ शिलिंग घेण्यास सुरुवात केली. हेच विल्सन पंतप्रधान झाल्यावर त्यांनी १९६५ मध्ये तो आकार रद्द केला. आणि तिजोरीला ओढ लागताच १९६८ मध्ये त्याच विल्सनच्या सरकारने तो पुन्हा बसवला. मात्र त्या वेळी काही दीर्घ आजारांची एक यादी करून त्या रोग्यांना माफी देण्यात आली. औषधावर असलेला मधुमेही त्या यादीत आहे, अपस्माराचा रोगी आहे. दम्याचा रोगी नाही, तो इंग्लंडात अजूनही यादीबाहेर आहे. २००९ मध्ये कर्करोगाची भर पडली. कोणत्या दुखण्याला माफी आणि कोणत्याला नाही, याचे उत्तर तेथेही पक्षाच्या जाहीरनाम्यात सापडत नाही.

खरा कडाक्याचा वाद या घरात झाला तो २०२५ च्या मार्च महिन्यात, आणि तो एका गोळीवरून. एम्पाग्लिफ्लोझिन नावाचे औषध मधुमेहावर देतात, आणि मूत्रपिंडांची झीज मंद करण्यासही ते उपयोगी पडते. काकांना डॉक्टरांनी तेच लिहून दिलेले. एका गोळीची किंमत सुमारे ६० रुपये, म्हणजे महिन्याला १,८०० रुपये एवढ्या एकाच औषधाचे. त्या मार्चमध्ये भारतातील तिचे पेटंट संपले. लगोलग अनेक देशी कंपन्यांनी तीच गोळी बाजारात आणली, आणि किंमत १० रुपयांच्या आसपास, काही ठिकाणी त्याहूनही खाली आली.

"पाहा बाबा," चिरंजीव म्हणाले, "सरकारने एक पैसा खर्च केला नाही. स्पर्धा झाली आणि गोळी स्वस्त झाली."

"अरे, इतकी वर्षे ती साठ रुपयांना कोणामुळे होती?" गृहस्थ म्हणाले. "पेटंट म्हणजे सरकारने दिलेला मक्ताच ना? मक्ता संपला म्हणून स्वस्त झाली."

या दोन वाक्यांत भारतीय औषधधंद्याचा पन्नास वर्षांचा इतिहास सामावलेला आहे. १९७० च्या कायद्याने औषधाच्या पदार्थावरचे पेटंट बंद केले. केवळ ते बनवण्याच्या कृतीवर पेटंट राहिले. दुसरी कृती शोधून काढा आणि तेच औषध बनवा, अशी मुभा मिळाल्यावर देशी कारखानदारांनी कमाल करून दाखवली. पिंपरीचा सरकारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखाना १९५४ पासून होताच. मुंबईची सिप्ला तर १९३५ पासूनची. याच सिप्लाने २००१ मध्ये एड्सवरील औषधे दिवसाला एका डॉलरहूनही कमी किंमतीत देऊ करून जगाला चकित केले. २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराप्रमाणे पदार्थावरचे पेटंट परत आले. कायदा सरकारचा, कसब कारखानदाराचे. दोहोंपैकी एकाला वगळून ही गोष्ट सांगता येत नाही; पण जेवणाच्या टेबलावर ती नेहमी एकाला वगळूनच सांगितली जाते.

बापलेकांचा हा वाद चालू असताना काका काहीच बोलले नाहीत. त्याचे कारण पुढे आठ-दहा दिवसांनी सूनबाईंना कळले. घरातील सर्वांची औषधे आणण्याचे काम त्यांच्याकडे, आणि हिशेबाची वहीही त्यांच्याकडे. गोळ्यांची जी पाकिटे महिन्यात संपायला हवीत ती काकांना दोन महिने पुरत आलेली आहेत, असे वहीतील तारखांवरून त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी स्वयंपाकघरात काकांना एकटे गाठून विचारले.

"अगं, एक दिवसाआड घेतली तरी चालते," काका म्हणाले. "आणि हे दादाला सांगू नकोस."

दादाला का सांगायचे नाही? पैशांचा संकोच हे एक कारण झाले, पण तेवढेच नव्हे. औषध परवडत नाही असे म्हणणे म्हणजे या घरात वर्षानुवर्षे चालत आलेल्या वादात हार कबूल करणे होते. सरकार नको म्हणणाऱ्याने सरकार हवे होते असे म्हणायचे. किंवा पुतण्याचे पैसे घेऊन, विमा न उतरवल्याचे प्रायश्चित्त म्हणून ते घ्यायचे. दोन्ही गोष्टी त्यांना गोळीपेक्षा कडू वाटल्या. मते जितकी जोराने मांडली जातात तितके त्यांच्याविरुद्ध आपली गरज उघड करणे कठीण होते. क्रिएटिनिनचा आकडा मात्र पक्ष ओळखत नाही. तो तपासणीगणिक वाढत होता, आणि औषध लागू पडत नाही की ते घेतलेच जात नाही, हे डॉक्टरांना कळण्यास मार्ग नव्हता. रोग्याच्या जिवाशी गाठ पडते ती अशा ठिकाणी.

गोळी स्वस्त झाल्यावर काका ती रोज घेऊ लागले. परंतु इन्सुलिन आहे, साखर तपासण्याच्या पट्ट्या आहेत, तपासण्या आहेत. त्यांचा खर्च काही संपायचा नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व औषधे विनामूल्य आहेत, ही गोष्ट सूनबाईंनी काकांच्या कानावर घातली. काकांची अडचण तत्त्वाची निघाली नाही. ती वेळेची निघाली. सकाळचा केसपेपर, मग डॉक्टर, मग रक्त, मग औषधाची खिडकी, म्हणजे छापखाना अर्धा दिवस बंद. आणि लग्नसराईत अर्धा दिवस बंद ठेवण्याचे मोल गोळ्यांच्या किंमतीहून अधिक. फुकट औषधाची हीदेखील एक किंमत असते, आणि ती पगारी माणसाच्या सहजासहजी लक्षात येत नाही.

मौज अशी की, जनऔषधीच्या दुकानातून गोळ्या आणण्याचे ठरले तेव्हा सर्वांत आधी हरकत घेतली ती गृहस्थांनीच. ही दुकाने सरकारने २००८ पासून उघडली. तेथे कंपनीचे नाव नसलेली औषधे पुष्कळ स्वस्त मिळतात. सरकारचे कैवारी गृहस्थ म्हणाले, "नेहमीच्याच कंपनीची आणा, प्रकृतीशी खेळ नको." आणि बाजाराचे कैवारी चिरंजीव त्या दुकानातून पिशवी भरून घेऊन आले, कारण भाव पाहिल्यावर तेच करणे व्यवहाराचे होते.

रोजच्या औषधाचा प्रश्न सुटूच शकत नाही असे मात्र नाही. तामिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी एक स्वतंत्र महामंडळ काढले. सर्व सरकारी रुग्णालयांना लागणारी औषधे त्यांच्या मूळ नावाने, उघड निविदा मागवून, एकत्र खरेदी करायची. जिल्ह्याजिल्ह्यात कोठारे बांधायची. प्रत्येक खेप तपासून घ्यायची. आणि प्रत्येक रुग्णालयाला बँकेसारखे पासबुक देऊन त्याच्या रकमेपुरता माल त्याने उचलायचा. पद्धत इतकी साधी की तिच्यात भाषण करण्याजोगे काही नाही. कदाचित त्यामुळेच ती टिकली असावी. त्या राज्यात दोन पक्ष आलटून पालटून सत्तेवर आले आणि एकमेकांची काही कामे त्यांनी मोडून काढली. हे महामंडळ कोणी मोडले नाही. राजस्थानने २०११ मध्ये तोच कित्ता गिरवला. महाराष्ट्राने २०२३ मध्ये खरेदीसाठी कायद्याने वेगळे प्राधिकरण केले आहे. तामिळनाडू मात्र आणखी एक पाऊल पुढे गेले: २०२१ च्या ऑगस्टपासून तेथे रक्तदाबाची व मधुमेहाची औषधे रोग्याच्या घरी पोचवण्याची योजना सुरू झाली. छापखाना बंद ठेवावा लागणार नाही अशी व्यवस्था ती हीच.

सूनबाईंनी ही माहिती सांगितली तेव्हा चिरंजिवांनी साहजिकच विचारले, "पैसे कोठून आणायचे?" हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून जाणारा भाग २०१३-१४ मध्ये शेकडा ६४ होता, तो २०२१-२२ मध्ये शेकडा ३९ वर आला, असे सरकारी लेखे सांगतात. त्याच वेळी २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्यधोरणाने सरकारी खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचा जो संकल्प केला होता, तो गाठला गेला नाही. गृहस्थ पहिला आकडा आपल्या बाजूचा मानतात, चिरंजीव दुसरा.

"आणि कर कोण भरणार?" चिरंजिवांनी पुन्हा विचारले.

"मी भरतोच आहे की रे, पस्तीस वर्षे," काका म्हणाले. "शाईवर भरतो, कागदावर भरतो. तुझ्या त्या मद्रासच्या योजनेतली माणसे गोळ्या दुकानातही आणून देतात का, एवढे तेवढे विचार."

सूनबाईंनी हिशेबाच्या वहीत काकांच्या नावाचे पान वेगळे केले आहे. गोळ्या किती आल्या आणि किती उरल्या, हे आता दर रविवारी त्या पानावर लिहिले जाते. आणि त्या दिवशीचा वाद, तो कोणत्याही देशाविषयी असला तरी, ते लिहून झाल्यानंतर सुरू होतो.